चुंबळीनं धरलेली जागा

अगं, ये अशी जवळ बस. ‘येते, येते’ म्हणून महिने घालवतेस, शोभतं का हे? बरं, एक गंमत ऐक.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. जुन्नरहून डिंगोऱ्याला जाणाऱ्या एस्टीत मी बसले होते. डोंगराकडच्या एका म्हातारीनं डोक्यावरची चुंबळ खिडकीतून आत टाकून जागा धरली. ती चढेपर्यंत एका सफारीवाल्या पावण्यानं चुंबळ उचलून तिथं बैठक मारली.

"आजी, खिडकीशी वारं लागतं. तुमच्याच भल्यासाठी बसलोय," असं म्हणून तो शेजाऱ्याला सांगू लागला, "इंग्रजांनीसुद्धा आपल्या भल्यासाठीच राज्य केलं. रस्ते दिले, रेल्वे दिली."

म्हातारीनं कमरेवर हात ठेवले. "आस्सं व्हय! मंजी त्यो बी आमची चुंबळ उचलूनच बसला व्हता की, राव! ऊठ आता. मला गाडी लागती. नाय उठलास, तर तुझ्या सफारीचं लई भलं व्हईल!"

अख्खी गाडी हसली. कंडक्टरला तिकीट फाडता येईना. पावणा टुणकन उठला, आणि म्हातारी वाऱ्याला तोंड देऊन राणीसारखी बसली.

तिचं नाव विचारायचं राहिलंच. पण तेव्हापासून कुणी भल्याच्या गोष्टी सांगू लागला, की मी आधी बघते, हा बसलाय कुणाच्या जागेवर!

लवकर ये गं पुन्हा. मला करमत नाही, म्हणून ये.