सोमीचा धवला, बुधाची कॅसेट

शहाऐंशी-सत्याऐंशीच्या सुमाराला बोईसरच्या कारखान्यांकडे कुणी बुधाचं नाव काढलं, की समोरचा विचारायचा, "मागावरचा, का कॅसिओवाला?" आता ते दोघे एकच. दिवसभर हा गडी कापडाच्या कारखान्यात मागावर उभा, आणि सुटला की जवळच्या सरावलीच्या खोलीत मांडीवर कॅसिओचा कीबोर्ड घेऊन बसलेला.

त्याच्या मागाच्या चाकाचा एक दात झिजला होता. खट-खट-खट, आणि चौथा ठोका लंगडा. मिस्त्री दुरुस्तीला आला की बुधा त्याला चहा पाजून परत धाडी. तो लंगडा ठोका त्याला हवा होता. रोज ऐकून ऐकून त्याने तो आपल्या गाण्याच्या ठेक्यात घेतला. बाप तारपा, भोपळ्याचं ते फुंकवाद्य, वाजवायचा. तारप्याचा तो खालून घुमत राहणारा सूर आणायचा कसा? बुधाने कॅसिओच्या एका पट्टीत आगपेटीची काडी खोचली. पट्टी दबलेली राहिली, सूर चालू राहिला, दोन्ही हात मोकळे! शेजारचे बिहारी कामगार डोक्याला हात लावत. "अरे बुधा, दिन भर मशीन सुनता है, शाम को भी वही?" बुधा हसायचा. त्याला कुणी गुरू नव्हता. एका टेपवर वाजवलेलं लावायचं, त्यावर आणखी वाजवायचं, आणि दोन्ही मिळून दुसऱ्या टेपवर भरायचं, हे त्याचं त्यानेच शोधलं.

पण त्याच्या कानात सगळ्यांत आधी बसली होती ती त्याची आई, सोमी. डोंगराकडच्या पाड्यांवर सोमी म्हणजे मोठी धवलेरी. वारल्यांच्या लग्नात धवलेरी गाते तेव्हा लग्न लागतं. तिच्या त्या गाण्याला म्हणायचं धवला. सवाशिणी भिंतीवर तांदळाच्या पिठाने देवीचा चौक लिहीत, आणि सोमी त्यांच्या हाताकडे बघत बघत गाई. हात अडला की ओळ तिथेच घोळवायची. रेघ पुरी झाली की पुढे जायचं. गावोगावच्या देवांना एकेकाला नावाने हाक मारायची, तिथे तर ती मुळीच घाई करीत नसे. एकदा किनाऱ्यावरच्या मुरब्याच्या पावण्यांनी घाई केली, तर म्हणाली, "देव काय तुमच्या होडीत बसून येतंय? चालत येतंय. दमानं घ्या."

बुधाने तिला खोलीवर आणून टेपसमोर बसवलं. चौक नाही, मांडव नाही. सोमी समोरच्या कोऱ्या भिंतीकडे बघत गायली. पण तिचा सूर कॅसिओच्या दोन पट्ट्यांच्या मधेच कुठे तरी बसे. मग बुधाने स्क्रूड्रायव्हर घेऊन टेपच्या मोटरचा स्क्रू पिळला. टेप जरा जोरात पळू लागला, आवाज चढला, पट्टीला लागला. धवला तरीही कॅसेटच्या एका बाजूत मावेना, तेव्हा त्याने देवांच्या हाका काढून टाकल्या.

तयार कॅसेट सोमीने ऐकली. "ही कोन पोरगी?"

"तूच हायस, आये."

"मी नाय," सोमी म्हणाली, आणि चुलीकडे वळली.

बोईसर स्टेशनाजवळ पंढरीचं कॅसेटी भरून द्यायचं दुकान होतं. त्याने तिच्या प्रती भरून विकल्या, आणि लग्नाच्या दोन हंगामांत ती पार दूरच्या माकुणसारपर्यंत गेली. पाड्यांवर वीज नव्हती. दिवसा मैलभरावरून कारखान्यांची धुराडी दिसत, पण घरात रॉकेलचा दिवा. तर लोक टेम्पोची बॅटरी काढून आणीत आणि मांडवात सोमीचा धवला लावीत. सोमीला बोलावणं कशाला? तिला पान-सुपारी द्या, जेवू घाला, तिच्यासाठी वेळ मोडा. बटण दाबलं की काम झालं. कॅसेट काही कुणाच्या हाताकडे बघत नव्हती, तेव्हा चौक लिहिणाऱ्या बायाच भराभर हात मारायला शिकल्या.

सोमी घरी बसून राहिली. बुधाला हे उशिरा कळलं, आणि कळलं तेव्हा जेवण गोड लागेना. बहीण कमळीचं लग्न ठरलं. त्याने मनाशी एकच धरलं: या मांडवात आई गाईल, आणि सगळे पाडे ऐकतील.

नवरदेव मंगळ्याकडची माणसं टेम्पोतून बॅटरी आणि टेप घेऊनच उतरली.

"ठेवा ते खाली," बुधा म्हणाला. "माजी आये गानार."

मंगळ्याचा चुलता हसला. "तुजीच कॅसेट हाय ना रं? तुलाच नको झाली?"

बुधाने बॅटरीची वायर काढून हातात घेतली. सोमी डोक्यावरचा पदर नीट करून भिंतीसमोर बसली. सवाशिणींनी चौकासाठी पिठात बोटं बुडवली आणि तिने धवला उचलला. आवाज जरा फुटला, मग लागला. बुधाला वाटलं, जिंकलं.

दुसऱ्या ओळीला मांडवातल्या बायांनी सूर धरला. त्यांना धवला तोंडपाठ होता, पण कॅसेटचा. त्या त्याच लगबगीने पुढे गेल्या, लंगडा ठोका टाळीवर घेत. सोमी रेघेसाठी थांबली, त्या थांबल्या नाहीत. देवांच्या हाका आल्या. सोमीने पहिलं नाव घेतलं, तोवर बाया ते सगळं ओलांडून पुढच्या ओळीवर पोचल्या होत्या. कुणी मुद्दाम केलं नाही. त्यांना मधे काही असतं हेच ठाऊक नव्हतं. कमळी स्वतः त्यांच्यात गात होती.

सोमीने आणखी दोन नावं घेतली आणि तोंड मिटलं. बायांनी धवला संपवला. चौकही वेळेत पुरा झाला.

"बेस झाला," चुलता म्हणाला. "कॅसेटीसारका झाला."

बुधा आईजवळ जाऊन बसला. "आये, पुन्ना घे. मी सांगतो त्यांना, गप बसा म्हनून."

"कुनाला गप करशील?" सोमी म्हणाली. "त्यांना तूच शिकवलंस." मग ती उठली, आणि भाताला पाणी पुरलं का ते बघायला मांडवामागे गेली.