मोहाला फळ धरलं नाही

उमरोळीचे दिनानाथ सावे म्हणजे भारी नेटका माणूस. चिकूच्या वाडीत वाळलेलं पान पडलं तरी त्यांना खपत नसे. मग बांधावरच्या वडाला लटकणारी आणि रोज सकाळी वाडीत चघळलेल्या चिकूंचा चोथा टाकून ठेवणारी वाघळं त्यांना कशी खपावीत? गेल्या दिवाळीत त्यांनी सुतळी बॉम्बची अख्खी पेटी आणली आणि चार दिवस संध्याकाळी वडाखाली बार उडवले. पाचव्या दिवशी वड रिकामा! दिनानाथ महिनाभर मिशीला पीळ देत फिरले. माणसाला स्वतःच्या अकलेचं कौतुक फार लवकर वाटू लागतं.

त्याच बांधावर पुढे मोहाची तीन झाडं होती. त्यांच्या बिया पाड्यावरच्या जमनाबायच्या. दिनानाथांच्या आजोबांनी तिच्या सासूला तसा शब्द दिला होता. दर श्रावणात जमनाबाय त्या बियांचं तेल काढी आणि पहिली बाटली दिनानाथांच्या आईच्या गुडघ्यांसाठी आणून देई.

यंदा चैत्रात मोह भरभरून फुलला, पण फळ काही धरेना. शेतकी कॉलेजात शिकणारी लेक दिशा सुट्टीला आली होती. फांद्या बघून ती म्हणाली, "बाबा, मोह रात्री फुलतो. गोड फुलं खायला वाघळं येतात आणि त्यांच्या तोंडाला लागून पराग झाडाझाडाला पोचतो. आता कोण पोचवणार?"

दिनानाथांनी आंब्याचा विषय काढला.

श्रावणात जमनाबाय लंगडत आली. हातात अर्धीच बाटली.

"दिनाभाऊ, यंदा बिया नाय. ह्या गेल्या सालचा उरलेला तेल हाय. मी मोहाला नारळ दिला, कोंबडा पन दिला. माज्या हातून काय चुकला, समजत नाय."

तिच्या स्वतःच्या गुडघ्याला चिंधी बांधलेली होती. दिनानाथांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तुझं नाही चुकलं, जमनाबाय. वाघळं मी पळवली. त्यांच्यामुळंच मोहाला फळ धरत होतं."

तिनं बाटलीचं बूच दाबून घट्ट केलं.

"मग चिकू तरी जास्ती उतरला का?"

बाजारात जाणारा चिकू कच्चाच उतरवतात. वाघळं खायची ती नजरेतून सुटून झाडावर पिकलेली फळं, जी कोणी विकतही नाही. जन्मभर वाडी केलेल्या माणसाला हे ठाऊक नव्हतं थोडंच!

"नाही," ते म्हणाले. बाटली घ्यायला त्यांचा हात पुढे होईना.

जमनाबायनं ती उंबऱ्यावर ठेवली.

"आईला लावा. तिचा काय गुन्हा?"