इवायांची वीस मिनिटं

साऱ्या नागपुरात आमच्या इवायांइतका वेळ वाचवणारा माणूस दुसरा नाही, आणि वाचवलेल्या वेळाचं करायचं काय, हे त्यांच्याइतकं न समजणाराही दुसरा नाही. पुण्याकडे ज्याला व्याही म्हणतात त्याला आम्ही इवाई म्हणतो, आणि विहीणबाईला इनबाई. हे माझ्या थोरल्या सुनेचे वडील. मी चौथी शिकलेली बाई, त्यामुळे ते नोकरीत नेमकं काय करत होते हे समजायला मला पुष्कळ वर्षं लागली. पण त्यांच्या ऑफिसातल्या साहेबांनाही ते शेवटपर्यंत समजलं नव्हतं असं ते स्वतःच सांगतात, म्हणून मी मनाला लावून घेत नाही.

काम असं होतं. कोळशाच्या खाणी पुष्कळ, कोळसा मागणारी वीजघरं पुष्कळ, मालगाड्या मात्र मोजक्या. कोणत्या खाणीचा कोळसा कोणत्या वीजघराला धाडला म्हणजे सगळ्यांचं भागेल आणि गाड्या कमीत कमी फिरतील, हे ते गणिताने काढत. त्या गणिताला लीनियर प्रोग्रॅमिंग म्हणतात. एकदा आमच्या हॉलमध्ये बसून त्यांनी मला ते पाऊण तास समजावलं. मी म्हटलं, म्हणजे पंगतीत वाढणाऱ्या चौघी आहेत, कोणी कोणत्या ओळीत काय घेऊन जायचं म्हणजे कोणाचं पान रिकामं राहणार नाही, एवढंच ना. ते माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, "इनबाई, तुमी आमच्या ऑफिसात पाहिजे होत्या." मला त्यात विशेष काही वाटलं नाही. वाढण्याचं काम मी जन्मभर केलं आणि त्याची पेन्शन मला कोणी देत नाही.

आम्ही मुलगी पाहायला त्यांच्या त्रिमूर्तीनगरच्या घरी गेलो तेव्हाच माणूस वेगळा आहे हे दिसलं होतं. मुलीच्या बापाने त्या दिवशी हात जोडून उभं राहायचं असतं. यांनी आम्हाला दारातच थांबवलं आणि कोणी कुठे बसायचं ते सांगितलं. का, तर पोह्यांचा ट्रे स्वयंपाकघरातून निघून सगळ्यांपुढे फिरून परत जाईपर्यंत मुलीला कमीत कमी चालावं लागलं पाहिजे. आम्ही बसलो. माझे मालक तेव्हा होते, ते एका कोपऱ्यात धुण्याच्या मशीनला टेकून बसले. मग इवायांनी मला विचारलं, "तुमाले घरात काय वाढवायचं आहे, आन् काय कमी पडून राहिलं?" हा प्रश्न ते सगळ्यांनाच विचारतात, त्यांच्या गणिताची सुरुवात तिथूनच होते, हे मला मागाहून कळलं. त्या वेळी मी खरं तेच सांगितलं, की चहात साखर कमी पडली आहे.

रिटायर झाल्यावर माणसं देवळात जातात, नाहीतर सकाळी बागेत टाळ्या वाजवत हसतात. यांनी गणित घरात आणलं. त्यांच्या घरी कूलर एक आणि खोल्या तीन. मे महिन्यात नागपुरात कूलरशिवाय झोपणं म्हणजे काय ते इथल्या माणसाला सांगायला नको. दुसरा कूलर घ्यायच्या ऐवजी त्यांनी टेप घेऊन घर मोजलं, वारा कुठून कुठे जातो ते पाहायला जागोजागी कागदाच्या पट्ट्या लटकवल्या, आणि सगळ्या कुटुंबाने मधल्या बोळात, एकापाठी एक, पाय स्वयंपाकघराकडे करून झोपावं असा निकाल दिला. गार वारा सगळ्यांना सारखा मिळतो हे खरं आहे. मी दोन रात्री तिथे झोपले आहे. पण त्यांच्या मिसेसनी मला हळूच सांगितलं, "सकाळी माह्या डोक्यावरून दूधवाला जाते."

लग्नाच्या पत्रिका वाटतानाही हेच. नागपूरचा नकाशा पसरून त्यांनी असा रस्ता काढला की एक गल्ली दोनदा लागणार नाही. नंदनवनातून निघून लकडगंज, तिथून कळमना, असं फिरत फिरत पेट्रोलच्या एका टाकीत सगळी कामं झाली. फक्त त्यांचे थोरले मामा हिंगण्याला राहतात, ते त्या रस्त्यात सगळ्यांत शेवटी आले. थोरल्या मामाला शेवटची पत्रिका. म्हातारा लग्नाला आला, पण जेवला नाही, मंडपाच्या दारात खुर्ची टाकून येणाऱ्याजाणाऱ्याला आपण जेवलो नाही हे सांगत बसला. इवायांना चूक लगेच समजली. त्यांच्या गणितात दोनच गोष्टी असतात. तुम्हाला काय पाहिजे ही एक, आणि अटी ही दुसरी, म्हणजे काय मोडून चालणार नाही ते. "रस्त्याची अट घातली," ते म्हणाले, "मानाची राहून गेली." अट राहिली की गणित माणसाला सोडून पुढे जातं, त्यात गणिताचा दोष नाही, असं ते म्हणतात. मामांनी हे ऐकून घेतलं आणि तरीही जेवले नाहीत.

असा हा माणूस दोन वर्षांपूर्वी माझ्या स्वयंपाकघरात शिरला.

भाद्रपदात आमच्याकडे महालक्ष्म्या बसतात, म्हणजे इतर ठिकाणी ज्यांना गौरी म्हणतात त्या. दुसऱ्या दिवशी जेवण असतं. पुरणपोळ्या, सोळा भाज्यांची एक भाजी, पडवळाची कढी, ज्वारीची आंबील, वडे, चटण्या, कोशिंबिरी. सत्तर पान होतं. आमच्या घरची रीत अशी की आदल्या दिवशीचं काही चालत नाही, सगळं त्याच सकाळी आंघोळ करून सोवळ्यात करायचं. उरलेलं घराबाहेर द्यायचं नाही आणि रात्री शिळंही ठेवायचं नाही, म्हणून कमी करून चालत नाही आणि जास्त करूनही चालत नाही. हे मी सून म्हणून आले तेव्हापासून केलं. त्या वर्षी माझ्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. दोन्ही सुना नोकरीवर जाणाऱ्या. माझ्या पोरांनी बसून ठरवलं की आता हे होणार नाही. थोरला म्हणाला, "आई, तुह्याकडून आता होत नाही वं. मुखवटे रामटेकच्या दादाकडे देऊन टाकू." दादा म्हणजे माझा पुतण्या. त्याच्याकडे जागा आहे, माणसं आहेत, भक्ती आहे, सगळं आहे. पण महालक्ष्म्या एकदा दुसऱ्या घरी गेल्या की परत येत नाहीत. मी रडले वगैरे नाही. मुखवट्यांची पेटी काढून पुसून ठेवली आणि दोन दिवस कोणाशी बोलले नाही.

सुनेने हे बापाला सांगितलं. बाप दुसऱ्या दिवशी टेप आणि वही घेऊन हजर. म्हणाले, चार रविवार द्या, होते की नाही ते सांगतो. पोरं हो म्हणाली, कारण त्यांची खात्री होती की होत नाही.

मुलीच्या सासरी बाप पाणी प्यायलासुद्धा संकोचतो, अशी आमची पिढी. हे माझ्या शेगड्या मोजत होते. चार रविवार त्यांनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर पाट टाकून, मांडीवर वही घेऊन काढले. थोरलीने पोळी लाटली की घड्याळ, धाकटीने भाजी चिरली की घड्याळ. त्यांच्या मिसेसना आणि शेजारच्या काकूंनाही त्यांनी बोलावून मोजलं. एका वड्याला किती वेळ लागतो हे ते सेकंदासकट लिहीत. धाकटी म्हणाली, साधारण अर्धा मिनिट लिहा ना काका. त्यांना ते लागलं. "साधारण लिवलं असतं तर कोळशाची गाडी चुलीवर येऊन थांबली असती," म्हणाले. माझंही मोजलं. मी खुर्चीवर बसून पोळी लाटली. त्यांनी तेही सेकंदासकट लिहिलं.

पाचव्या रविवारी त्यांनी रंगीत कागद आणून फ्रिजला लावला. पहाटे पाचपासून कोणती शेगडी कोणाकडे, कोणाच्या हातात काय, कधी कोणी पाच मिनिटं बसायचं, सगळं. साडेबारा वाजता आरती आणि लगेच पहिली पंगत. कोणी धावायचं नाही, कोणी दुसऱ्याची वाट पाहायची नाही. पोरांनी कागद दोनदा वाचला. थोरला म्हणाला, असं होत असेल तर राहू द्या महालक्ष्म्या इथंच. माझा जीव भांड्यात पडला आणि मी चष्मा लावून माझं नाव शोधलं. नाव होतं. नावापुढे काही नव्हतं.

"हे काय?" मी विचारलं.

"तुमच्या नावावर शून्य आलं इनबाई," ते म्हणाले. "तुमाले एका पोळीले जितका वेळ लागते, तितक्यात थोरली तीन करते. मंग गणित तुमच्याकडे पोळी देतच नाही. तुमी आरामात बसा." चांगली बातमी द्यावी तसे सांगत होते.

मी म्हटलं, "मंग मुखवटे रामटेकलेच द्या. शून्य होऊन बसायचं तर मी कुठंही बसू शकते, त्याले सत्तर पानं कायले पाहिजे?"

इवायांनी फ्रिजवरचा कागद काढला, घडी केली, खिशात ठेवली आणि चहा न घेता गेले. त्यांच्या मिसेस सांगत होत्या की त्या दिवशी ते बोळात न झोपता गच्चीवर जाऊन बसले.

दोन दिवसांनी नवीन कागद घेऊन आले. या वेळी त्यांनी सगळ्यांना समोर बसवलं आणि उभं राहून बोलले, जसे साहेबासमोर बोलत असतील तसे. म्हणाले, एक अट घालायची राहून गेली होती, चूक माझी. आरतीचे पुरणाचे सोळा दिवे इनबाईच करतील, दुसरं कोणी हात लावणार नाही. ही अट घालून पुन्हा गणित केलं. दिवे आधी करून ठेवता येत नाहीत, कारण आधी सगळ्या पोळ्या, मग शेवटच्या पुरणाचे दिवे, अशी इथली रीत, आणि दिवे झाल्याशिवाय आरती नाही. "म्हणून पंगत बारा पन्नासले बसीन. इनबाईचा हात लागायचा तर वीस मिनिटं लागतात. देता का वीस मिनिटं, तेवढं सांगा."

इतकं उघड कोणी कोणाची किंमत सांगत नाही. माझ्या पोरांनी माना खाली घातल्या. थोरली सून म्हणाली, "देतो." धाकटी म्हणाली, "वीस काहून, तासभर घ्या न आई, तेवढंच आमाले बसायले भेटीन." मी हसले नाही, पण पेटी परत कपाटात ठेवायला सांगितली.

जेवणाच्या दिवशी इवाई पहाटे साडेचारला आंघोळ करून, सोवळं नेसून उंबऱ्याबाहेर उभे. हातात वही, मनगटावर घड्याळ. आत यायची सोय नाही म्हणून बाहेरूनच सांगत, तीन नंबर रिकामी झाली, कढी चढवा. सहा वाजता त्यांच्या मिसेसनी त्यांना सांगितलं की कढी आम्ही तुमच्या जन्माआधीपासून चढवतो. त्या त्यांच्याहून चार वर्षांनी लहान आहेत. मग ते गप्प उभे राहिले आणि नुसत्या भुवयांनी काम चालवलं. पण खरं सांगायचं तर इतक्या वर्षांत माझ्या स्वयंपाकघरात इतकी शांतता कधी नव्हती. कोणी कोणावर ओरडलं नाही. शेगडीपुढे दोघी कधी उभ्या राहिल्या नाहीत. साडेबाराच्या ठोक्याला सगळं झाकून तयार होतं, फक्त दिवे सोडून.

पुरणाची परात माझ्यापुढे टेबलावर आली. मी दिवे करायला घेतले. आधी पाटावर बसून करायची, आता खुर्चीवरून हाताला तो जोर येत नाही. तिसरा दिवा चिरला, तो मोडून परत केला. सहावाही चिरला. हॉलमध्ये पहिल्या पंगतीची माणसं बसलेली, लहान पोरं भुकेने रडायला लागलेली, कोणीतरी विचारलं की उशीर कशाचा आहे, आणि थोरल्या सुनेने बाहेर जाऊन त्यांना काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही. मी मान वर केली नाही. सोळावा दिवा ताटात ठेवला तेव्हा समोरच्या भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. एक वाजून पाच मिनिटं झाली होती. म्हणजे पस्तीस.

आरती झाली, पंगती उठल्या. इवायांनी स्वतःला कागदावर शेवटच्या पंगतीत टाकलं होतं, ते चार वाजता जेवायला बसले. वही पानाशेजारी उघडीच होती. पुढच्या वर्षासाठी त्यांनी सकाळपासूनचा खरा वेळ लिहून काढला होता. वडे, कढी, पोळ्या, सगळं सेकंदासकट. त्याखाली लिहिलं होतं, पुरणाचे दिवे, इनबाई, वीस मिनिटं.

मी म्हटलं, "इवाई, घड्याळ भिंतीवर होतं. मी पाहिलं."

ते पुरणपोळीवर तूप पसरत होते. मान न उचलता म्हणाले, "पुढच्या साली बी हाच आकडा धरीन मी."

मी आंबिलीचं भांडं मागवलं आणि त्यांच्या पानात आणखी एक वाटी वाढली. त्यांच्या कागदावर ती धरलेली नव्हती. नको म्हणाले नाहीत, सावकाश संपवली.