फौजेसाठी मागणाऱ्या बाई

"आधी पाणी द्या, मग नाही म्हणा."

दुकानाची पायरी चढता चढताच हे वाक्य आत यायचं आणि त्याच्या मागोमाग बाई. खांद्याला कापडी पिशवी, पायात झिजलेली चप्पल आणि आवाज असा, की समोरच्या दुकानातलं गिऱ्हाईकही वळून बघायचं. पाणी पाजलेल्या माणसाला रिकाम्या हाती पाठवायचं नाही, हे आपल्या सगळ्यांच्या अंगात लहानपणापासून मुरलेलं असतं. बाईंनी ते बरोबर हेरलं होतं. तांब्या उंच धरून गटागटा पाणी प्यायच्या, पदरानं तोंड पुसायच्या आणि म्हणायच्या, "हां. आता बोला, काय म्हणत होता?"

आता काय म्हणणार, कप्पाळ!

माझं सोलापुरात चादरी-टॉवेलचं दुकान आहे. दुकान म्हटलं की मागणारे आलेच. गणपतीवाले येतात, जयंतीवाले येतात, शाळेच्या गॅदरिंगवाले येतात. या सगळ्यांसाठी माझी एक ठरलेली पद्धत होती. चेहरा पाडायचा, धंदा मंदा आहे म्हणायचं आणि खालच्या फळीवरचा सगळ्यात हलका टॉवेल काढून द्यायचा. बाई पहिल्यांदा आल्या तेव्हाही मी तोच काढला. त्यांनी तो उजेडात धरला. त्यातनं पलीकडचा रस्ता दिसत होता.

"शेट, ह्यानं तुम्ही अंग पुसता का?"

"मी कशाला पुसू?"

"मग तिकडं बर्फात उभ्या राहिलेल्या पोरांनी का पुसावं?"

दुकानात चार गिऱ्हाईकं उभी होती. मी निमूटपणे वरच्या फळीवरची जाड चादर काढली. मनात बाईंना काय काय म्हटलं ते इथं लिहीत नाही.

बाई एसटीत कंडक्टर होत्या. नवरा एसटीतच ड्रायव्हर होता. तो अचानक गेला आणि त्याच्या जागी या लागल्या. सगळी नोकरी मंद्रूपच्या बाजूच्या गाड्यांवर काढली. निवृत्त झाल्यावर बाई एसटीतनं उतरल्या, पण एसटी काही बाईंमधून उतरली नाही. दुकानात उभ्या राहिल्या तरी पाय फाकवून आणि एक हात खांबाला, जणू दुकान आता वळण घेणार आहे. काउंटरपाशी बायका दाटल्या की यांना राहवायचं नाही. "पुढं सरका, पुढं लई जागा हाय!" आणि गंमत म्हणजे बायका सरकायच्या. घरात कानडी, बाहेर मराठी आणि चिडल्या की दोन्ही एकदम, असा त्यांचा कारभार होता.

सुरुवातीला लोकांकडं त्या स्वेटर मागायच्या. आता तुम्हीच सांगा, सोलापुरात स्वेटर? आमच्याकडं थंडी पडली म्हणजे पंखा पाचावरून दोनावर येतो. तरी बाई घरोघर फिरल्या. काय मिळालं? महाबळेश्वरच्या सहलीसाठी घेतलेल्या माकडटोप्या, एका आजोबांचा मफलर आणि कुणाच्या तरी बाळाचं लोकरीचं झबलं-टोपडं. बाईंनी ते झबलं माझ्या काउंटरवर पसरलं आणि कपाळाला हात लावला. "यप्पा! हे कुठल्या जवानाला घालू?"

मग त्यांनीच डोकं चालवलं. सोलापुरात जे नाही ते मागून काय उपयोग? जे घरोघर पडलंय ते मागावं. आणि आमच्याकडं घरोघर काय पडलेलं असतं? आहेराच्या चादरी. लग्न असो, बारसं असो, वास्तुशांत असो, चादर द्यायची. घेणारा ती उघडत नाही, कपाटात टाकतो आणि पुढच्या लग्नात दुसऱ्याला देतो. बाई दारात उभ्या राहून सांगायच्या, "कपाट उघडा. खालच्या खणात बघा. तुमच्या कामाची न्हाय ती, फिरती हाय." एकदा त्यांनी गोळा केलेल्यात एक चादर निघाली, तिच्यावर माझ्याच दुकानाची चिठ्ठी. वर एकावर एक आहेर देणाऱ्यांची नावं चिकटवलेली. माझ्या दुकानातून निघून ती अर्ध्या पेठेची लग्नं लावून आली होती. बाई म्हणाल्या, "बिचारी लई हिंडली. आता हिला एका जागी कुणाच्या तरी अंगावर पडू द्या."

चादरींचं जमलं. फौजेला वस्तू पाठवणारी एक मंडळी होती, त्यांच्यामार्फत त्या जायच्या. पण बाईंचं मन चादरीवर भरेना. खायला काहीतरी गेलं पाहिजे. आणि सोलापूरचं, न विटता टिकणारं खाणं म्हणजे कडक भाकरी आणि शेंगाचटणी. ज्वारीची पातळ भाकरी तव्यावर वाळवून कुरकुरीत केलेली. महिनाभर ठेवा, तिला काही होत नाही. बाईंनी गल्लीतल्या बायकांना कामाला लावलं. दिवाळीच्या तोंडावर फराळ सोडून बायका भाकऱ्या थापायला बसल्या. माझी बायकोसुद्धा. घरात चकलीचा पत्ता नाही आणि भाकरीची चळत खिडकीपर्यंत. मी कुरकुर केली, तर बायको म्हणाली, "तुमी दुकानात जावा की."

आणि नेमकी तिथंच घोड्यानं पेंड खाल्ली. त्या मंडळींच्या ऑफिसातले गृहस्थ म्हणाले, घरचं खाणं आम्ही घेत नाही, कंपनीचं सीलबंद असेल तरच. त्यांचंही चूक नव्हतं, नियम होता. बाईंनी दोन्ही भाषांतून सांगून पाहिलं. "साहेब, आईनं केलेल्या भाकरीला कंपनीचं सील कुठनं आणू?" ते हसले, चहा पाजला, पण भाकरी घेतली नाही.

तिथनं बाई सरळ दुकानात आल्या आणि त्या दिवशी पाणीसुद्धा मागितलं नाही. मी म्हटलं, "बाई, सोडा आता. चादरी गेल्या, पुष्कळ झालं. एवढं काय लागून राहिलंय?"

तेव्हा त्यांनी सांगितलं. नोकरीत असताना एका थांब्यावर एका आईनं सुट्टी संपवून निघालेल्या पोराला खिडकीतून गाठोडं दिलं होतं. पोरगं डोळे पुसत बसलेलं. स्टेशनला गाडी गाठायची घाई, ते गाठोडं सीटखालीच राहिलं. डेपोत गाडी झाडताना बाईंच्या हाताला लागलं. तशाच तिकिटाच्या पेटीसकट त्या स्टेशनकडं धावल्या. फलाट रिकामा होता.

"भाकरीच होती. वर चटणीची पुरचुंडी. खाववेना की टाकवेना," बाई म्हणाल्या. "नाव न्हाय, गाव न्हाय, कुणाला देऊ? शेवटी गाईला घातली. गाय खात होती आन मी रडत होते. तिकडं त्या पोरानं पिशवीत हात घालून बघितलं असंल का न्हाय? शेट, एकदा तरी पोचलं म्हणून कानांनी ऐकायचंय मला. आईच्या हातचं, पोराच्या हातात. बास."

असं म्हटल्यावर मी काय करणार? दुकान बायकोवर सोपवलं आणि स्कूटर काढली.

मंद्रूपचा मल्लिनाथ फौजेत होता आणि सुट्टीवर आलेला होता. मल्लू लहानपणापासून बाईंच्याच गाडीतनं शाळेला जायचा, म्हणून त्यांना ठाऊक. मागच्या सीटवर बाई, पुढं पायाशी भाकऱ्या आणि उरलेल्या चादरींचं भलंमोठं गाठोडं. वाटेत प्रत्येक थांब्याला बाई सवयीनं गावाचं नाव पुकारायच्या आणि थांब्यावरची माणसं माझ्या स्कूटरकडं बघायची. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

मल्लू अंगणातच होता. पण गाठोडं बघून त्याच्या आईनं मान हलवली. "बाई, त्याचंच वझं लई हाय. गाडीत चढताना कुटं धरंल त्यो? एवढं न्हाय व्हायचं."

बाई पिशवीचा बंद नुसता सोडत आणि बांधत राहिल्या.

मल्लूच्या आईनंच मग पुढं होऊन गाठोड्यात हात घातला. एक भाकरी काढली, बोटानं वाजवून बघितली. "कुणी केल्या?"

"आमच्या गल्लीतल्या बायकांनी."

"कुणासाटी?"

"ह्याच्यासाठी. आन ह्याच्या संगट जी पोरं असतील त्यांच्यासाठी."

ती माउली आत गेली. मल्लूची बांधलेली बॅग बाहेर आणली आणि भराभरा स्वतःचेच डबे उपसायला लागली. करंज्या निघाल्या, चिवडा निघाला. "माजं एकटंच पोर खाणार आन बाकीची लेकरं तोंडाकडं बगनार व्हय? घाला ह्यात."

"आई, लाडू तेवढं ऱ्हाऊ दे की," मल्लू म्हणाला.

"गप. लाडू पुडच्या सुट्टीत हितं येऊन खा."

भाकऱ्या मोडू नयेत म्हणून बाईंनी युक्ती केली: एक चादर, वर भाकऱ्या, पुन्हा चादर, वर भाकऱ्या. आणि मधोमध चटणीच्या पुरचुंड्या, कापडात बांधलेल्या. आम्ही सोलापूरकर गावाला जाताना वर्षानुवर्षं चटणी अशीच नेतो. आमचा प्रवास चार तासांचा असतो आणि याला देश ओलांडून वर डोंगर चढायचा आहे, हे ना बाईंच्या डोक्यात आलं ना माझ्या. उखळात कुटलेली शेंगाचटणी, तिला तेल सुटतं, हे पोराटोरांनाही माहीत.

मल्लू गेला. पोचल्यावर फोन करायला बाईंनी त्याला माझा नंबर दिला होता, कारण त्यांच्या साध्या फोनवर माणसं दिसत नसत. झालं! रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी बाई पायरीवर हजर. "आला का?"

"नाही, बाई. रेंज नसेल."

"बरं." पाणी प्यायच्या आणि जायच्या. दुपारी पुन्हा यायच्या. आधी मी वैतागलो. मग मीच गिऱ्हाईकाला चादर दाखवताना फोनकडं बघायला लागलो. एकदा तर बँकेवालीचा फोन आला तर मी "कुठपर्यंत पोचलास?" म्हणून ओरडलो.

आणि एक दिवस आला. बाई दुकानातच होत्या. पडद्यावर मल्लू, टोपीत गुंडाळलेला, मागं पांढरंफेक. आजूबाजूला आणखी दोन-चार तोंडं.

"बाई, एक घोटाळा झाला. चटणी फुटली. सगळ्या चादरींना लागली."

बाईंचा चेहरा उतरला. "म्हंजे वाया गेलं रे?"

"वाया कुठलं! भाकरी एक ठेवली न्हाय ह्यांनी. हा पंजाबचा, चहात बुडवून खाल्ली ह्यानं. पण बाई, चादरींना लसणाचा असला वास लागलाय, पांघरली की भूक लागते! झोपच येत न्हाय कुणाला!"

तिकडं सगळे हसले, इकडं दुकान हसलं. बाई हसल्या नाहीत. फोन दोन्ही हातांत घट्ट धरून त्यांनी विचारलं, "तुझ्या हातात पोचलं ना, मल्लू?"

"माझ्याच हातात पोचलं, बाई."

बाईंनी फोन मला दिला आणि गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसल्या. माझ्या दुकानात बसलेलं मी त्यांना तेवढं एकदाच पाहिलं. "शेट, पोचलं," म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. मीही रडलो, खोटं कशाला सांगू? मग डोळे पुसून उठल्या आणि माझ्या फळ्यांकडं निरखून बघत म्हणाल्या, "पुढच्या वेळी चटणी डब्यात. झाकणाचे, घट्ट. डबे कोण देतंय, शेट?"

डबे मीच दिले, हे सांगायला नको. पुढं दोन दिवाळ्या माझ्याच स्कूटरवरून पिशव्या गेल्या आणि दर वेळी मल्लूचा फोन आला. मग एका उन्हाळ्यात साध्या तापाचं निमित्त झालं आणि बाई गेल्या. अंत्ययात्रेला डेपोतली माणसं आली होती, गल्लीतल्या बायका आल्या होत्या. मी दुकान बंद ठेवलं होतं.

या दिवाळीला आता कोण भाकऱ्या थापतंय, असं मी धरून चाललो होतो. पण बोलावल्यासारख्या बायका आल्या. एकेक चळत माझ्या काउंटरवर ठेवत गेल्या, ऐन धंद्याच्या दिवसांत. मी कुरकुर केली, माझ्या सवयीनं. मग डबे काढले, चटणी भरली, झाकणं दोनदा दाबून पाहिली. मल्लूची सुट्टी संपत होती. मंद्रूपला न जाता थेट स्टेशनवर येतो, असं त्याला कळवलं.

फलाटावर गर्दी होती. तो त्याच्या बॅगा चढवण्यात गुंतलेला. बाई गेल्याचं मंद्रूपला त्याच्या घरी कुणी कळवलेलंच नव्हतं. फोनवर मला सांगवलं नव्हतं, समोरासमोर सांगायचं ठरवून गेलो होतो. पण ते ताजंतवानं पोरगं, पुन्हा बर्फात चाललेलं, त्याला आत्ताच कसं सांगू? दारातून वाकून त्यानं माझ्या हातातली पिशवी घेतली, छातीशी धरली आणि गाडी हलली.

"पोचलं की फोन करतो, काका!" तो ओरडला. "बाईंना सांगा!"

मी गाडीबरोबर चार पावलं चाललो आणि हात वर केला.

"सांगतो," म्हटलं.