कल्हईतलं शिसं

पंचशीला खटकचिंचोळीची. आईबाप दुसऱ्याच्या शेतात तुरी कापायला जायचे. ती शिकत शिकत कलबुर्गीला आली, रसायनशास्त्रात एमएस्सी झाली आणि तिथल्याच एका खाजगी प्रयोगशाळेत नोकरीला लागली. त्याला आता सहा वर्षं झाली. माती, मसाला, हाड, काहीही येवो, ते ॲसिडात विरघळवून नितळ करायचं आणि मग मशीनला द्यायचं, हे तिचं काम. मशीन लाखातला एक कण मोजतं, पण न विरघळलेला गाळ त्याला चालत नाही.

गेल्या वर्षी तिच्याकडे हळ्ळीखेडच्या एका घरातलं पाणी, हळद आणि तिखट आलं. त्या घरातल्या सत्यभामाबाईंच्या रक्तात शिसं सापडलं होतं. पोटात कळा यायच्या, हातपाय गळायचे, आणि शिसं कुठून येतंय हे डॉक्टरांना कळत नव्हतं. पंचशीलानं तिन्ही नमुने तपासले. तिन्ही स्वच्छ निघाले. तेव्हा तिनं डॉक्टरांना फोन करून विचारलं, स्वयंपाक कशात करतात ते कुणी पाहिलंय का? कुणीच पाहिलं नव्हतं. शनिवारी गावी जाताना मीच वाटेत उतरते, असं ती म्हणाली.

हळ्ळीखेडात सत्यभामाबाईंचे यजमान हरिबा तिला स्टँडवर घ्यायला आले. घरात चुलीवर पितळेचं मोठं पातेलं होतं, माहेरून आलेलं. आतून चकचकीत, कारण चार महिन्यांपूर्वीच त्याला कल्हई केली होती. दुखणंही साधारण तेव्हाचंच, हे हरिबांनी हिशेब करून सांगितलं.

सत्यभामाबाईंनी ताट वाढलं. भाकरी, ठेचा आणि त्याच पातेल्यातलं आंबट चुक्याचं वरण. पंचशीला भाकरी-ठेचा खाऊ लागली. वरणाची वाटी तिनं बाजूला सरकवली. सत्यभामाबाईंनी ते पाहिलं.

"कामून गं? आमच्या घरचं खायना झालीस?"

पंचशीलाच्या आईला, भागाबाईला, एके काळी शेतावर ओंजळीत वरून पाणी ओतायचे. भांड्याला हात लावू द्यायचे नाहीत. ती गोष्ट तिनं लहानपणी अनेकदा ऐकली होती. आज तिच्यासमोर भरलं ताट होतं आणि त्यातली वाटी ती नाकारत होती.

"अक्का, तसं न्हाई," ती म्हणाली. "तुमच्या पोटातलं शिसं या पातेल्यातून यायलंय, असं मला वाटायलंय. आंबटानं कल्हई सुटती. तुम्हीबी खाऊ नका."

सत्यभामाबाईंना ते पटलं नाही. आईचं पातेलं कसं बाधेल? पण हरिबांनी पातेलं उपडं करून समोर ठेवलं. पंचशीलानं प्लॅस्टिकच्या पट्टीनं आतली कल्हई खरवडली. चिमूटभर निघाली.

सोमवारी तिनं त्यातला थोडा चुरा नेहमीप्रमाणे नायट्रिक ॲसिडात गरम केला. तळाशी पांढरा दह्यासारखा गाळ बसला. कल्हई म्हणजे कथलाचा थर, आणि कथलाचं असंच होतं, हे तिनं पुस्तकात वाचलं होतं, पण आजवर कथलाचा नमुना तिच्याकडे आला नव्हता. प्रयोगशाळेचे प्रमुख गुरुशांतप्पा कन्नडमध्ये म्हणाले, गाळून टाक, वरचं द्रावण मोज, आज अहवाल जायला हवा. तिनं मोजलं. शिसं निघालं, पण थोडं. इतक्यानं माणूस आजारी पडेल असं नव्हतं.

तिला गाळावर संशय होता. चुऱ्याचा आणखी एक भाग घेऊन तिनं त्यात मोजून शिसं मिसळलं आणि पुन्हा तसंच विरघळवलं. जेवढं मिसळलं, त्यातलं जेमतेम निम्मं परत आलं. बाकीचं गाळात अडकलं होतं. तो आकडा तिनं गुरुशांतप्पांपुढे ठेवला. ते म्हणाले, "मग अहवाल थांबव."

आता चुरा एकाच वेळेला पुरेल इतकाच उरला होता. पंचशीलानं या खेपेला आधी हायड्रोक्लोरिक ॲसिड घातलं, मग नायट्रिकचे थोडे थेंब, आणि मंद आचेवर ठेवून समोरच बसून राहिली. शेजारी नुसत्या ॲसिडाची कुपीही ठेवली, शिसं ॲसिडातूनच येत नाही ना हे बघायला. तासाभरानं चुरा पुरता विरघळला, गाळ राहिला नाही. गार होऊन काही बसू नये म्हणून तिनं लगेच पाणी घालून द्रावण पातळ केलं. नुसत्या ॲसिडात शिसं नव्हतं. कल्हईत मात्र शिसं एवढं होतं, की शुद्ध कथलाच्या नावाखाली डाख लावायचं, म्हणजे धातूचे सांधे जोडायचं, शिसंमिश्रित कथील फासलं गेलं होतं, हे उघड झालं. कल्हईवाला फिरता होता, तो पुन्हा कुणाला भेटला नाही.

डॉक्टरांनी ते पातेलं बंद करायला सांगून औषध सुरू केलं. पाच महिन्यांत सत्यभामाबाईंच्या रक्तातलं शिसं निम्म्याहून खाली आलं आणि त्या पुन्हा कापूस वेचायला जाऊ लागल्या. गुरुशांतप्पांनी प्रयोगशाळेच्या कामाच्या पद्धतीत एक ओळ वाढवली: कथील असेल तर नुसतं नायट्रिक वापरू नये. त्याखाली पंचशीलाची सही घेतली.

पुढच्या महिन्यात सत्यभामाबाईंच्या गल्लीतल्या लिंगम्मा आणि आणखी चौघी आपापली कल्हई केलेली पातेली पोत्यात घालून बसनं कलबुर्गीला आल्या. पाचांतल्या दोन पातेल्यांत शिसं निघालं.