शब्बीरभाईंचा डोळा आणि आमचं तळं

शब्बीरभाई आज गेले. गाव त्यांना हसलं तेव्हा मी मागच्या रांगेत गप्प बसलो होतो.

सकाळी हार्ट अटॅक आला. श्रीगोंद्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. दुपारच्या नमाजनंतर माती देऊन आलो.

टायपिंगच्या चुका पोटात घाला, मी सातवी पास माणूस.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या गावच्या तळ्याचं पाणी आम्ही पाच-सहा जण चार वर्षं तपासतोय. दर रविवारी. कॉलेजच्या एक मॅडम येऊन शिकवून गेल्या होत्या.

काळीपांढरी तबकडी दोरीला बांधून पाण्यात सोडायची. दिसेनाशी झाली की दोरीच्या गाठी मोजायच्या. जास्त गाठी म्हणजे पाणी स्वच्छ.

तबकडी म्हणजे भाभींच्या पातेल्याचं झाकण, भाईंनी रंगवलेलं.

"माझी डाळ उघडी पडली ना!" भाभी ओरडायच्या.

"तळं बी उघडंच हाय की," भाई म्हणायचे.

भाई बघायचे, मी वहीत लिहायचो. तीन गाठी. बहुतेक वेळा तीनच. गावाचं गटार सरळ तळ्यात येतं, दुसरं काय होणार?

तोच आकडा दाखवून आम्ही ग्रामसभेत शोषखड्डे मंजूर करून घेतले. गटाराचं पाणी जमिनीत जिरवायचं, तळ्यात जाऊ द्यायचं नाही.

मग उन्हाळ्यात भाईंच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. बरे होऊन तळ्यावर आले आणि ओरडले,

"अण्णा, पाच गाठी!"

माझ्या पाठीत आनंदानं धपका मारला.

मी वाकून पाहिलं. मला तीनच्या पुढं झाकण दिसेना.

पण मी वहीत पाच लिहिलं.

पंचायतीत बातमी गेली. "पाणी सुधारलं की! मग खड्डे कशाला?" काम मागं पडलं.

मला अन्न गोड लागेना. दर रविवारी गुपचूप वाकून बघायचो. तीनच. बोलावं तर लोक मलाच म्हणतील, म्हाताऱ्याला दिसत नाही. न बोलावं तर खड्डे जातात. तेवढ्यात पाऊस लागला आणि गावाची सगळी घाण तळ्यात गेली.

दोन महिन्यांनी भाईंना सांगितलं, मला तीनच दिसतात. सांगताना रडू आलं.

त्यांनी झाकण पाण्यात सोडलं. उजवा डोळा हातानं झाकला.

"तीन."

मग डावा झाकला.

"पाच."

दोरी तशीच हातात धरून म्हणाले, "तळं न्हाई सुधारलं, अण्णा. डोळा सुधारला."

"मग चार वर्षांची वही रद्दी झाली का हो?"

"रद्दी कशानं? आंधळ्यानं मोजलं, पर दर टायमाला त्याच आंधळ्यानं मोजलं."

ग्रामसभेत भाई एकटे उभे राहिले. चूक माझी, म्हणाले. माझं नाव घेतलं नाही.

कुणीतरी मागून ओरडलं, "भाई, अख्ख्या गावाचे डोळे करून आणा, तळ्याची गंगा होईल!"

सगळे हसले. भाईही हसले.

"हसा लेकांनो. पर खड्डे खोदा."

खड्डे पुन्हा मंजूर झाले. खोदायला अजून सुरुवात नाही. भाई रोज विचारायचे, जेसीबी आला का? कालही विचारलं.

मी वैतागून म्हटलं, "येईल हो भाई, तुम्हाला किती घाई!"

हेच आमचं शेवटचं बोलणं.

म्हणून आज सगळ्यांसमोर लिहितो. भाईंना जे कळलं नव्हतं, ते मला पहिल्याच रविवारी दिसलं होतं. दोन महिने मी भीतीनं गप्प बसलो. एक अख्खा पावसाळा त्यात गेला. पुढच्या ग्रामसभेत उभा राहून हेच सांगणार आहे, आणि जेसीबी कधी येणार तेही विचारणार आहे.

ज्यांना हसायचं आहे त्यांनी आता मला हसावं.

शब्बीरभाई, अल्ला तुम्हाला जन्नत देवो. मला माफ करा.

तुमचा अण्णा