येऊ द्या, येऊ द्या... बस!

...तर दिवा फुटला. शाळेच्या व्हॅनचा मागचा लाल दिवा, लाँड्रीच्या भिंतीवर. काल इथवरच आलो होतो, नाही का? पण तो फुटला कसा हे कळायला आधी व्हॅनवाले काका कळायला हवेत.

काका म्हणजे काडीपैलवान, आवाज मात्र नगाऱ्यासारखा. शेवटचं पोर घ्यायला गाडी लाँड्रीशेजारच्या एका बोळात शिरायची, आणि बोळ इतका अरुंद की ती उलटीच बाहेर काढावी लागे. म्हणून एक पोर खाली उतरायचं, काकांच्या आरशात दिसेल असं कडेला उभं राहायचं आणि ओरडायचं, "येऊ द्या, येऊ द्या... बस!" ओरडेल त्याला खिडकी, हा काकांचा कायदा. दोन वर्षं ते राज्य एका दांडगोबाकडे होतं. पोरं त्याला 'साहेब' म्हणायची. कोणी कुठं बसायचं तेही साहेबच ठरवायचा.

चिमणीला त्यानं दिली होती मागची स्टेपनी. तिचं खरं नाव कुणी विचारलं नाही नि तिनं सांगितलं नाही. रोज सकाळी तिच्या पोटात दुखायचं. शेवटी आई म्हणाली, "शाळाच बदलू या." चिमणीला शाळा हवी होती हो, नको होती ती स्टेपनी!

आणि एके दिवशी काका म्हणाले, "आज चिमणी उतरेल."

साहेब खो खो हसला. "काका, हिचं बोलणं मुंगीलासुद्धा ऐकू जात नाही!"

"मुंगी कुठं माझी गाडी चालवते?"

चिमणी उतरली. 'येऊ द्या' कसंबसं निघालं, पण 'बस' घशातच अडकलं. खळ्ळकन दिवा गेला. पोरांना ऊत आला. आता उद्यापासून पोट कायमचं दुखणार, हे चिमणीनं तिथल्या तिथं ठरवून टाकलं.

काकांनी काचा वेचल्या आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "चूक माझी. आवाज नाही आला तर थांबायचं, एवढं या घोड्याला कळू नये? उद्याही हीच उतरणार. आणि साहेब, तू हिच्या शेजारी उभा राहा. आवाज पोटातून कसा काढायचा, तुझ्याशिवाय कोण शिकवणार?"

राज्य गेलेला साहेब एकदम गुरुजी झाला! आठवड्याभरात चिमणीनं असा 'बस!' ठोकला की लाँड्रीवाला इस्त्री हातात घेऊनच बाहेर आला. त्या दिवशी ती खिडकीशी बसली आणि पहिलं काम काय केलं? स्टेपनीवर बसवलेल्या नव्या पोराला हाताला धरून आपल्या शेजारी ओढलं. साहेबानं मुकाट्यानं सरकून जागा दिली.

आज चिमणी बसस्थानकावर माइकवरून गाड्या पुकारते. परवा तिला खिडकीतून काठी टेकत चाललेले काका दिसले. माइक सोडून ती धावतच बाहेर आली, त्यांचे दोन्ही हात धरले.

"काका, तुम्ही नसतात तर मी अजून स्टेपनीवरच असते. पण एक सांगा, दिवा फुटल्यावरही मलाच का उभं केलंत?"

काका तोंडभर हसले. "अगं, एकदा दिवा फुटला की माणूस पुढं डोळ्यात तेल घालून बघतो. आणि खरं सांगू? बाकीची पोरं आधी ओरडायची, मग बघायची. तू आधी बघायचीस. मला गाडी मागं घ्यायची होती बाई, मिरवणूक नव्हती काढायची!"